बाळ सीमा ओलांडतं, वजनाची नोंद माहेरीच राहते

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंनी निवेदनांचा पाऊस पडला. कर्नाटकनं आक्षेप घेतला, मराठी संघटनांनी स्वागत केलं. तो वाद आपल्या जागी. पण ही योजना शस्त्रक्रियेची आणि दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांची आहे. धडधाकट जन्मलेल्या बाळाला पहिल्या वर्षात जे लागतं, म्हणजे दर महिन्याचं वजन, लस, सहाव्या महिन्यानंतरचा शिधा आणि कुणीतरी घरी येऊन केलेली विचारपूस, ते या योजनेत येत नाही. ते काम अंगणवाडी सेविका आणि आशा ताई करतात. आणि गाव ज्या राज्यात, त्या राज्याची अंगणवाडी.

सीमाभागात अडचण इथूनच सुरू होते, कारण इथली घरं एका राज्यात मावत नाहीत. चंदगड-गडहिंग्लजची लेक बेळगाव तालुक्यात दिलेली असते, निपाणीची कागलमध्ये, खानापूरची गोव्यात सत्तरी-फोंड्याकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत अजून मोडलेली नाही. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते, बाळंत होते, बारसं होतं आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की सासरची माणसं न्यायला येतात. कुणाची पाठवणी लवकर होते, कुणाची सण-वार, शेतीची कामं बघून पाचव्या महिन्यापर्यंत लांबते.

कागदावर या प्रवासाचे तीन तुकडे होतात. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात, समजा कर्नाटकात, तिथल्या तायी कार्डावर. जन्माची नोंद जिथं जन्म झाला त्या ठिकाणी, समजा कोल्हापूर जिल्ह्यात. वाढीची नोंद आधी माहेरच्या अंगणवाडीत आणि नंतर, झालीच तर, सासरच्या. दोन राज्यं, दोन-तीन वह्या, आणि बाळ एकच.

आशा ताईंच्या भेटींचं वेळापत्रक देशभर सारखं आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरीच जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. २०१८ पासून त्यात पुढच्या पाच भेटींची भर पडली: तिसरा, सहावा, नववा, बारावा आणि पंधरावा महिना. सुरुवातीच्या भेटी बहुतेक वेळा माहेरी पार पडतात. खरी गळती होते ती तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या मधे. माहेरची आशा समजते, बाळ सासरी गेलं. सासरच्या आशेला बाळ आलंय हे बारशाच्या पेढ्यांवरून किंवा पोलिओच्या दिवशी कळतं.

यात बिघडतं काय, ते आकड्यांत बघू. उदाहरणादाखल एक मुलगी धरू. जन्माचं वजन २.८ किलो. चौथ्या महिन्यात माहेरी ६ किलो भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ६.४ किलो असतं, म्हणजे गाडी ठीक चाललीय. मग ती सासरी आली. सासरच्या अंगणवाडीत तिचं पहिलं वजन झालं आठव्या महिन्यात, ६.६ किलो. आठ महिन्यांच्या मुलीसाठी धोक्याची रेघ ६.३ किलोवर आहे. पोर त्या रेघेच्या वर, हिरव्या पट्ट्यात. सेविका म्हणते, चांगलं आहे. तिच्या हातात जेवढं आहे, त्यावरून ती बरोबरच बोलते.

पण माहेरचा आकडा शेजारी ठेवला की चित्र पालटतं. चार महिन्यांत वाढ फक्त ६०० ग्रॅम. या वयात साधारण दीड किलो वाढायला हवी होती. मधल्या रेघेच्या जवळून चालणारी पोर धोक्याच्या रेघेकडे घसरत चाललीय आणि अजून पिवळ्या पट्ट्यात पोचलेली नाही, म्हणून कुणाच्या नजरेत नाही. आणखी दोन महिन्यांनी ती पिवळ्यात जाईल, मग तिचं नाव यादीत येईल. म्हणजे जेव्हा घरच्या घरी सुधारता आलं असतं तो काळ निघून गेलेला असेल. वाढीचा तक्ता काढतात तो यासाठीच. एका दिवसाच्या वजनावरून फार थोडं कळतं, दोन-तीन वजनं जोडणारी रेघ सांगते ते महत्त्वाचं. वजन वाढलंच नाही आणि रेघ आडवी झाली, तर बाळ हिरव्या पट्ट्यात असलं तरी चौकशी करायची, असंच सेविकांना प्रशिक्षणात शिकवलं जातं. पण रेघ काढायला आधीचा ठिपका लागतो.

घसरण याच महिन्यांत का होते, याचं कारण बहुतेक आयांना ठाऊक असतं. माहेरी बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आळीव, शेक-शेगडी, मदतीला आई. सासरी आल्यावर गोठा, शेत, नाहीतर कारखान्यातली पाळी. अंगावरचं दूध कमी पडतं असं कुणीतरी म्हणतं आणि पाणी घातलेलं गाईचं दूध, बाटली, मग जुलाब सुरू होतात. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं असतं, तिथं डाळीचं पाणी आणि भाताची पेज यावर भागवलं जातं. पेज पोट भरते, वजन वाढवत नाही. चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट मऊ अन्न, वर थोडं तेल-तूप, दिवसातून दोन-तीनदा आणि नवव्या महिन्यापासून त्याहून जास्त वेळा, हे कुणीतरी सांगायला हवं. ते सांगण्यासाठीच सहाव्या महिन्याची भेट ठेवलेली आहे. तीच चुकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात ११.३ टक्केच होती.

त्याच पाहणीतले आणखी काही आकडे सीमावादात सहसा कुणी काढत नाही. वयाच्या मानानं उंची कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं महाराष्ट्रात ३५.२ टक्के, कर्नाटकात ३५.४. फरक नाहीच म्हणायचा. उंचीच्या मानानं वजन कमी, म्हणजे लुकडी मुलं, महाराष्ट्रात २५.६ टक्के आणि कर्नाटकात १९.५. गोव्यात उंचीचा आकडा २५.८ वर आहे, तरी लुकडेपण १९.१ टक्के आहेच. इंदूर-ग्वाल्हेरच्या मध्य प्रदेशात उंची कमी असलेली मुलं ३५.७ टक्के, वडोदऱ्याच्या गुजरातेत तर ३९. आमच्याकडे या, आमच्याकडे बरं आहे, असं छाती ठोकून म्हणावं अशी परिस्थिती फारशी कुणाचीच नाही.

सरकारी उत्तर आहे पोषण ट्रॅकर. २०२१ पासून देशभरच्या अंगणवाड्यांत हे एकच ॲप चालतं आणि स्थलांतर झालेल्या लाभार्थ्याचं नाव दुसऱ्या अंगणवाडीत नेण्याची सोयही त्यात आहे. कागदी वहीला जे जमत नव्हतं ते इथं जमायला हवं. पण ती सोय वापरायची तर सासरच्या सेविकेला माहीत पाहिजे की या बाळाची नोंद आधीच कुठेतरी आहे. घरच्यांनी सांगितलं नाही, किंवा नवीन नोंद करणं सोपं वाटलं, तर बाळ कोऱ्या पानावर सुरू होतं. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. बाळाच्या शिध्यासाठी आईचा चेहरा आधारशी जुळवावा लागतो. नाव एका राज्यातल्या अंगणवाडीत आणि आई दुसऱ्या राज्यात, अशा वेळी आधी नाव हलवा मग शिधा, असा क्रम लागतो. त्यात महिना-दोन महिने गेले तर ते सहाव्या-सातव्या महिन्यातलेच. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं (२०१३) सहा महिन्यांपासूनच्या मुलाला शिध्याचा हक्क दिला, त्यात राज्याची सीमा कुठं लिहिलेली नाही.

ॲपमधल्या आकड्यांवर भिस्त ठेवण्याचीही मर्यादा आहे. ट्रॅकरवर लुकड्या मुलांचं प्रमाण एक आकडी दिसतं, पाहणीत देशभराचं १९.३ टक्के निघालं. दोन्हींची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, हे मान्य. ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत मोजलेली मुलं येतात, पाहणी घरोघरच्या नमुन्यावर चालते. तरी एवढी दरी बघितल्यावर अंगणवाडीतला तराजू आणि लांबी मोजायची पट्टी यांच्याकडे लक्ष जायलाच हवं. तान्ह्या बाळाची लांबी नीट मोजायला दोन माणसं लागतात. मदतनीस रजेवर असली की सेविका एकटीच असते. मग पाय वाकलेल्या बाळाची लांबी एक-दोन सेंटीमीटरनं चुकते आणि त्यावर काढलेलं सगळं गणित चुकतं.

लसीकरणाची बाजू त्या मानानं बरी. यू-विन या प्रणालीत लस देशात कुठंही घेतली तरी नोंद एकाच ठिकाणी राहावी अशी रचना आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस बहुधा माहेरी होतात. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा डोस आणि त्यासोबतचं अ जीवनसत्त्व सासरच्या वाट्याला येतं, लक्ष ठेवायचं ते त्यावर.

आता भाषेचा प्रश्न. तायी कार्ड कन्नडमध्ये, महाराष्ट्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत. बेळगाव-खानापूरच्या खेड्यातली मराठी शाळेत शिकलेली आई तायी कार्डावरचा मजकूर वाचू शकत नाही आणि कन्नड शिकलेल्या परिचारिकेला मराठी कार्ड वाचता येत नाही. मजा अशी की दोन्ही कार्डांवरचा तक्ता मात्र एकच आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये दिलेला. हिरवा, पिवळा, केशरी पट्टा तोच, रेघा त्याच. वजनाचे ठिपके कुठल्याही भाषेत वाचता येतात. सल्ला मात्र वाचता येत नाही. आणि आईला उपयोग असतो तो सल्ल्याचा. जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य केलेल्या संरक्षणांत १९५६ पासून आहे. मराठीतल्या परिपत्रकांसाठी, पाट्यांसाठी बेळगावात किती मोर्चे निघाले, याची गणती नाही. बाळाच्या कार्डाची मागणी त्यात पहिल्या पाचांत कधी आली नाही.

वजन-उंचीपेक्षा अवघड भाग आहे तो बाळाच्या विकासाचा, कारण तो तराजूत मावत नाही. दोन महिन्यांच्या आसपास आईकडे बघून हसणं, चौथ्यापर्यंत मान धरणं, सहा-आठ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, नवव्या-दहाव्यात चिमटीनं दाणा उचलणं, वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द. यात घाईनं घाबरायचं कारण नसतं. स्वतंत्र बसण्याचा निरोगी काळ साधारण चार ते नऊ महिने इतका ऐसपैस आहे, आणि काही मुलं न रांगताच उभी राहतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेवरून न मोजता अपेक्षित तारखेवरून धरायचं, हे तर बऱ्याच घरांत कुणी सांगतच नाही. पण पाचव्या महिन्यातही मान सावरत नाही, नऊ महिने उलटून बसत नाही, आवाजाकडे वळून बघत नाही, अशी लक्षणं वेळेत कळली पाहिजेत. त्यासाठी विचारणारीनं आईच्या भाषेत विचारायला हवं. मोडक्या कन्नडमध्ये किंवा मोडक्या मराठीत झालेल्या प्रश्नोत्तरात, सगळं बरं आहे ना, हं बरं आहे, यापलीकडं काही जात नाही. माहेरच्या आजीनं टिपलेली गोष्ट, पोर डावा हात फारसा हलवत नाही बघ, ही तर कुठल्याच कार्डावर चढत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बाळांची. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर येतात आणि हंगाम संपला की परततात. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाचे तिसरा ते आठवा महिना फडावरच जातात. माहेरवाशिणीला निदान सासरचं गाव तरी ठरलेलं असतं. कोपीवरच्या आईला कुठल्या गावच्या अंगणवाडीत जायचं हेच सांगता येत नाही.

सीमाप्रश्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत यातलं काहीच अडून राहायची गरज नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवलं तेव्हा प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली होती, ती दोन राज्यांतले छोटे प्रश्न सोडवण्यासाठीच. कोल्हापूर आणि बेळगावच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांनी दर महिन्याला स्थलांतरित बाळांची यादी एकमेकांना द्यावी, सीमेलगतच्या तालुक्यांत कार्डाचं सल्ल्याचं पान दोन्ही भाषांत छापावं, गाळप सुरू होताना कारखान्यांनी टोळीबरोबर आलेल्या तान्ह्या मुलांची नोंद जवळच्या अंगणवाडीला द्यावी, याहून छोटे प्रश्न समितीला कुठले मिळणार?

तोवर घरच्यांनी करण्यासारखं एक आहे. बाळाला न्यायला माणसं येतील त्याच्या आदल्या दिवशी माहेरच्या अंगणवाडीत वजन करून घ्यायचं, तारखेसह कार्डावर मांडून घ्यायचं, आणि तक्त्याच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. सासरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तो फोटो तिथल्या सेविकेला दाखवायचा आणि आधीची नोंद ट्रॅकरवर आहे, ती इकडं आणा, असं सांगायचं. कार्ड कन्नडमध्ये असो की मराठीत, मागचे ठिपके तिला वाचता येतील.