पाटी, कायदा आणि मालकाचा शब्द

अमेरिकेतील दुकाने, उपाहारगृहे, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे यांच्या प्रवेशद्वारांवर एक चित्र वारंवार दिसते. लाल वर्तुळात पिस्तूल आणि त्यावर तिरकी लाल रेघ. शस्त्र घेऊन आत येऊ नये, हा त्याचा अर्थ लहान मुलालाही कळावा. परंतु ही पाटी दृष्टिआड करून एखादा गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून आत गेला, तर त्याने गुन्हा केला काय? या साध्या प्रश्नाला त्या देशात एकच एक उत्तर नाही. एका राज्याची सीमा ओलांडून दुसऱ्यात गेले की उत्तर बदलते. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी ठिकठिकाणी मंडळे उभी केली, भारतीय समाजाने मंदिरे बांधली, अनेकांनी दुकाने आणि मोटेल चालवायला घेतली. या सर्व वास्तूंच्या दारांशी हा प्रश्न उभा आहे. म्हणून त्याचा विचार केवळ परदेशातील एक कायदेशीर कुतूहल म्हणून करून भागणार नाही.

भारतीय मनाला ही गुंतागुंत प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक बाळगणे हाच गुन्हा आहे आणि परवाना देणे न देणे शासनाच्या हाती आहे. अमेरिकेत विचाराचा आरंभच उलट दिशेने होतो. तेथील राज्यघटनेच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केला आणि जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा शतकभर जुना निर्बंध रद्द करताना तोच हक्क घराबाहेरही लागू असल्याचा निर्वाळा दिला. मात्र ही दुरुस्ती शासनाला बांधते, घरमालकाला नव्हे. आपल्या वास्तूत कोणाला, कोणत्या अटीवर येऊ द्यायचे, हे ठरवण्याचा मालकाचा अधिकार त्या हक्काने नाहीसा होत नाही. मालक नको म्हणाला, तर शस्त्रधारकाला निघावेच लागते. वाद आहे तो पुढचा. मालकाने 'नको' म्हटले, हे कायद्याने केव्हा मानायचे?

टेक्सासने याचे उत्तर अत्यंत काटेकोर दिले आहे. तेथील दंडसंहितेच्या कलम ३०.०६ प्रमाणे झाकून शस्त्र नेणाऱ्या परवानाधारकाला रोखायचे असेल, तर पाटीवर कायद्याने नेमून दिलेला मजकूर हवा. तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात आणि किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत हवा. उघडपणे शस्त्र नेणाऱ्यांसाठी कलम ३०.०७ ची वेगळी पाटी आहे. सप्टेंबर २०२१ पासून तेथे परवान्याविनाही पिस्तूल बाळगता येऊ लागले, तेव्हा अशा व्यक्तींसाठी कलम ३०.०५ च्या पाटीची भर पडली. ज्याला तिन्ही प्रकार रोखायचे आहेत, त्याच्या दारावर तीन पाट्या लागतात. लाल रेघेचे नुसते चित्र परवानाधारकाला या कलमांखाली बांधत नाही. पाटी नियमानुसार असूनही कोणी आत गेला, तर शिक्षा आहे कमाल २०० डॉलर दंडाची. परंतु तोंडी बजावल्यानंतरही तो गेला नाही, तर तोच अपराध एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो.

विस्कॉन्सिनने २०११ च्या कायद्यात किमान पाच बाय सात इंचांची पाटी पुरेशी मानली आहे. शिवाय जो मालक शस्त्रबंदी करत नाही, त्याच्यावर त्या निर्णयापोटी कोणतेही दायित्व येणार नाही, असे अभयही दिले आहे. इलिनॉयच्या २०१३ च्या कायद्यात चार बाय सहा इंचांचा शासनमान्य नमुना आहे. याउलट फ्लोरिडात शस्त्रबंदीच्या पाटीला असे स्वतंत्र बळ नाही. तेथे निर्णायक ठरतो तो मालकाचा प्रत्यक्ष आदेश. 'बाहेर जा' असे सांगूनही शस्त्रधारी मनुष्य थांबला, तर तो सशस्त्र अतिक्रमणाचा गंभीर गुन्हा होतो आणि पाच वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. म्हणजे जेथे पाटी दुर्बळ आहे, तेथे मालकाचा शब्द प्रबळ आहे.

सन २०२२ च्या निकालानंतर या वादाला नवे वळण मिळाले. पाटीच नसेल तर काय समजायचे? आजवरची सर्वसाधारण रीत अशी की, मालक गप्प असेल तर त्याची हरकत नाही. न्यूयॉर्कने त्याच वर्षी आणि हवाईने २०२३ मध्ये ही रीत उलटवली. मालकाने स्पष्ट संमती दिल्याखेरीज खासगी जागेत शस्त्र नेताच येणार नाही, असे त्यांनी ठरवले. लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागांपुरता न्यूयॉर्कचा नियम तेथील संघराज्य अपील न्यायालयाने रोखून धरला. पश्चिमेकडील अपील न्यायालयाने मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये हवाईचा नियम उचलून धरला आणि त्याच निकालात कॅलिफोर्नियाचा नियम अमान्य केला, कारण कॅलिफोर्नियाला संमती केवळ पाटीवरच हवी होती, तोंडी चालत नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाईचे प्रकरण सुनावणीसाठी स्वीकारले, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

वरवर पाहता ही शब्दांची कसरत वाटेल; परंतु मुळाशी एक तत्त्व आहे. मालकाच्या मौनाचा अर्थ शासनाने लावायचा काय? मालकाला बंदी हवी असेल, तर ती त्याने उच्चारावी आणि शासनाने त्या उच्चारामागे दंडशक्ती उभी करावी, ही व्यवस्था न्याय्य आहे. मालकाच्या वतीने शासनच बोलू लागले, तर मालकाच्या अधिकाराचे नाव पुढे करून शासन आपलीच इच्छा चालवू लागते. तथापि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बंदी उच्चारण्याचा मार्ग इतका किचकट ठेवायचा की अक्षराची उंची चुकली म्हणून मालकाची स्पष्ट इच्छा निष्फळ व्हावी, हाही मालकाच्या अधिकाराचा संकोचच होय. सामान्य माणसाला पाहताक्षणी कळेल अशी एक सोपी पाटी आणि तिला निश्चित बळ, एवढे कोणत्याही विधिमंडळाला अशक्य नसावे.

प्रार्थनास्थळांच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी येतो. विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वारावर ५ ऑगस्ट २०१२ रोजी एका वंशद्वेष्ट्याने हल्ला केला आणि सहा जण त्याच दिवशी प्राणास मुकले. गुरुद्वाराचे वयोवृद्ध अध्यक्ष साधी सुरी घेऊन त्याला सामोरे गेले आणि धारातीर्थी पडले. हत्येचा निश्चय करून आलेल्याला कोणतीही पाटी अडवत नाही. पाटी पाळतो तो कायदा मानणारा. टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथील चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये २६ बळी गेले. त्यानंतर २०१९ मध्ये त्या राज्याने स्पष्ट केले की, प्रार्थनास्थळाने बंदी सूचित केली नसेल, तर परवानाधारकाला तेथे शस्त्र नेता येईल. त्याच वर्षी डिसेंबरात व्हाइट सेटलमेंट येथील चर्चमध्ये दोघांचे प्राण घेणाऱ्या हल्लेखोराला स्वयंसेवक सुरक्षा पथकाने काही सेकंदांत टिपले. न्यूयॉर्कने प्रार्थनास्थळे सरसकट निषिद्ध ठरवली होती. २०२३ मध्ये सुरक्षेची जबाबदारी वाहणाऱ्यांना सूट द्यावी लागली. यावरून प्रत्येक भाविकाने सशस्त्र यावे, असा निष्कर्ष निघत नाही. गर्दीच्या सभामंडपात, लेकराबाळांच्या मध्ये, अप्रशिक्षित हातातील पिस्तूल हाही धोकाच आहे. निष्कर्ष इतकाच की, पाटी म्हणजे संरक्षण नव्हे आणि पाटी नसणे म्हणजेही संरक्षण नव्हे.

म्हणूनच अमेरिकेतील मंदिरांच्या विश्वस्तांनी आणि मंडळांच्या कार्यकारिणींनी हा विषय दुर्घटनेची वाट न पाहता बैठकीत घ्यावा. आपल्या राज्याचा कायदा जाणकार वकिलाकडून समजून घ्यावा. बंदी हवी की नको, हवी तर कोणाला वगळून, याचा ठराव करावा. पाटी लावायची तर ती कायद्याच्या मापाची, कायद्याच्या भाषेत आणि प्रत्येक प्रवेशद्वारावर लावावी. गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम भाड्याच्या सभागृहात असेल, तर मालकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हे करारात लिहून घ्यावे. दाराशी उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याला नेमके कोणते शब्द उच्चारायचे आणि पोलिसांना केव्हा बोलवायचे, हे शिकवावे.

त्या कार्यकर्त्यासमोर एखाद्या सायंकाळी खरोखरच शस्त्रधारी मनुष्य येऊन उभा राहील, तेव्हा विचारविनिमयाला सवड नसेल. आपल्या पाठीशी कायदा आहे की नाही, हे त्याला त्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. ती जबाबदारी संस्था चालवणाऱ्यांची आहे आणि दारावर एक चित्र डकवून ती पार पडत नाही.