नाव बदललं की पुन्हा फी?

स्पष्टच लिहितो. काही क्लासवाल्यांना झोंबेल.

कंधार तालुक्यातलं एक पोरगं. बापानं सोयाबीन विकून फी भरली, पोरानं नांदेडात खोली करून सहा महिने अँड्रॉइडचा क्लास केला. मुलाखतीत विचारलं, फ्लटर येतं का? नाही. क्लासवाले म्हणाले, तो वेगळा कोर्स, फी वेगळी. आता बाप मला विचारतोय, "पत्रकार साहेब, पहिलं शिकलेलं वाया गेलं का हो?"

वाया नाही गेलं, काका. त्याला नीट शिकवलंच नाही.

या धंद्यात पाट्या बदलतच राहतात. २०१४ ला ॲपलनं स्विफ्ट आणली. २०१७ ला गुगलनं अँड्रॉइडसाठी कोटलिनला मान्यता दिली, २०१९ पासून तिलाच पहिली पसंती. २०१८ च्या डिसेंबरात फ्लटर १.० आलं. मायक्रोसॉफ्टनं झॅमरिनचा आधार मे २०२४ ला काढून घेतला. दर पाटीला नवी फी भरायची तर शेतच विकावं लागेल!

पण पाटीखालचं काम तेच आहे. माहिती बदलली की स्क्रीन कशी बदलायची? मधेच कॉल आला तर अर्धवट भरलेला फॉर्म कसा वाचवायचा? रेंज नसेल तर माहिती कुठं साठवायची? (रेंजचं दुखणं ई-पीक पाहणी केलेल्या शेतकऱ्याला विचारा.) हे ज्याला कळलं, त्याला दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जाताना भाषा आणि नवी साधनं शिकावी लागतात, सगळं पहिल्यापासून नाही. ट्रॅक्टरची कंपनी बदलली म्हणून कुणी नांगरट नव्यानं शिकतं का?

वाढीव खर्च खरा आहे तो आयफोनकडे वळताना. त्यासाठी लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. वर ॲप स्टोअरवर ॲप टाकायला वर्षाला ९९ डॉलर. गुगल प्लेला एकदाच २५. हे किती क्लास फी घेण्याआधी सांगतात?

पालकांनो, फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा. लेकरू स्वतःचं, रेंज नसताना चालणारं एक तरी ॲप बनवणार का? तेच ॲप दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर करून बघणार का? उत्तरात नुसता सर्टिफिकेटचा नमुना दाखवला, तर उठून या.

आणि पुढाऱ्यांनो, वाढदिवसाच्या बॅनरचा खर्च एक वर्ष वाचवा. तेवढ्यात तालुक्याच्या वाचनालयात पोरांसाठी एक मॅक येईल.

तुमच्या घरातल्या लेकरांचा अनुभव काय? खाली लिहा.