वारा वीस मिनिटांचा, अंधार सहा दिवसांचा



परवाच्या वादळाला वीजवाले ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून मोकळे झाले. मला हे अजिबात पटत नाही. वारा नैसर्गिक होता, मान्य. मे महिन्यात जमीन तापते, दुपारनंतर ढग चढतात आणि ढगातली थंड हवा धाडकन खाली येते. एका शिवारात केळी आडवी, शेजारच्या गावात पानही हलत नाही. आमच्या रावेर-यावल पट्ट्याला हे नवीन आहे का? पण नंतर सहा दिवस घरात अंधार होता, तो काही वाऱ्याने केला नाही.

आमच्या लाइनचे सात पोल पडले. सगळे फिरून पाहिले. पाच पोलांच्या ताणतारा कधीच्या गंजून तुटलेल्या. एकाच्या बुडाशी काँक्रीटच नाही, नुसता मातीत रोवलेला. ज्यांची ताणतार शाबूत होती ते त्याच वाऱ्यात उभे राहिले. आता बोला.

तारांचा झोळ तर विचारूच नका. शेतावरून जाणारी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून निदान ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फूट वर पाहिजे, असा सुरक्षेचा नियम आहे. आमच्याकडं कडब्याची ट्रॉली न्यायची तर तारेवर नजर ठेवायला एक माणूस पुढं चालवावा लागतो! अशा ढिल्या तारा वाऱ्यात एकमेकींवर आपटणार नाहीत तर काय होईल?

घरातल्या अंधाराचं एक वेळ सोसलं. बाया दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला गेल्या, मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावले. पण उभी केळी मे महिन्यात झाडाला रोज वीस लिटरच्या आसपास पाणी मागते. मोटार सहा दिवस बंद. नुकती निसवलेली बाग डोळ्यांदेखत करपली. तलाठी आले, पंचनाम्यात पडलेली झाडं धरली. उभी वाळलेली कोणत्या रकान्यात बसतात, ते त्यांनाही सांगता येईना.

वायरमनला दोष देणार नाही. एकटा माणूस, गावं सात-आठ. रात्री बाराला बॅटरी तोंडात धरून पोलावर चढलेला मी पाहिलाय.

कोणी म्हणतं, शेतकरी बिल भरत नाही, मग कशाला बोलतो. अहो, घरचं बिल दर महिन्याला भरतो. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल २०२४ पासून सरकार भरतंय. पैसा पोहोचतोच आहे ना? तरी डीपी जळाली की ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं, खड्डे आम्हीच खणायचे. आणि आपलेच भाऊबंद म्हणतात, वर्गणी काढा, भांडत कोण बसतो. दर वर्षी वर्गणी दिली म्हणूनच ताणतार बांधायला कोणी आलं नाही, हे माझं मत आहे. राग आला तर येऊ द्या.

पावसाळा तोंडावर आहे. वाकलेला पोल, तुटलेली ताणतार, झोळ पडलेली तार यांचे फोटो आत्ताच काढा. पोल नंबर टाकून लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पुढच्या वादळानंतर ‘आपत्ती’ म्हणाले की ती पोच पुढं करायची. आणि पडलेल्या तारेला, लाइट नसली तरी, हात लावू नका. कोणाचं जनरेटर कुठून उलटं करंट सोडेल, सांगता येत नाही.

आमचा अर्ज सोमवारी जातोय. परवा उभ्या केलेल्या सात पोलांपैकी तिघांना अजून ताणतार नाही, ते पहिल्याच ओळीत लिहिलंय.