पुराचं गाणं आणि मोळीवाला म्हातारा

पाठीवर काटक्यांची भलीमोठी मोळी, वाकलेली कंबर, हातात काठी. कागदाचे पापुद्रे सुटलेल्या एका पडक्या भिंतीवर टांगलेली या म्हाताऱ्याची तसबीर, एवढंच त्या रेकॉर्डच्या कव्हरवर होतं. ना गाण्यांच्या संचाचं नाव, ना वाजवणाऱ्यांचं.

८ नोव्हेंबर १९७१ रोजी ही रेकॉर्ड बाजारात आली. बिननावाची रेकॉर्ड विकायची ही कल्पना अटलांटिक कंपनीला मुळीच पसंत नव्हती. पण 'लेड झेपलिन' या ब्रिटिश बँडचे चौघेही हटून बसले होते. गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बास आणि कीबोर्ड सांभाळणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमर जॉन बॉनम. आधीच्या अल्बमवर समीक्षकांनी तोंडसुख घेतलं होतं. तेव्हा आता नाव बघून नव्हे, कानानं ऐकून काय ते ठरवा, असा त्यांचा पवित्रा होता. प्रत्येकानं आपल्या नावाऐवजी एकेक चिन्ह निवडलं आणि तेवढंच आतल्या पाकिटावर छापलं. लोकांनी मग आपल्या सोयीनं त्याचं 'लेड झेपलिन फोर' असं बारसं करून टाकलं. पुढे एकट्या अमेरिकेतच या अल्बमच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

यातलं 'स्टेअरवे टू हेवन' ठाऊक नाही असा गिटार शिकणारा मुलगा विरळाच. घरोघरच्या आयांनी ते दाराआडून इतक्या वेळा ऐकलं असेल, की सुरुवातीची धून त्यांनाही पाठ व्हावी! गाणं सुंदर आहे, यात वाद नाही. पण अल्बममधली खरी चीज शेवटी आहे. दुसऱ्या बाजूचं अखेरचं, सात मिनिटांचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. लेव्ही म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध. तो फुटला तर काय, एवढीच या गाण्यातली चिंता. आणि ही चिंता इंग्लंडमधल्या या चार तरुणांची नव्हती.

ती होती अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या कृष्णवर्णीयांची. १९२७च्या वसंतात ही नदी अशी फुगली, की २१ एप्रिलला माउंड्स लँडिंग इथला बांध फुटला. पुढच्या काळात सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला आणि सहा लाखांवर माणसं बेघर झाली. पाण्यानं गोरा-काळा भेद केला नाही, माणसांनी मात्र केला. बांधावर वाळूची पोती रचायला काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकावर उभं केलं होतं. ग्रीनव्हिल गावात बांध फुटल्यावर गोऱ्या कुटुंबांना बोटींतून हलवलं गेलं, काळे मात्र उरल्यासुरल्या बांधावरच्या छावण्यांत राहिले. का? तर ते एकदा गेले, की कापसाच्या शेतावर परतणार नाहीत, अशी जमीनदारांना धास्ती होती. छावणीतून बाहेर पडायलाही परवानगी लागे. पूर ओसरल्यावर अनेकांनी थेट शिकागोची वाट धरली.

या माणसांचं संगीत म्हणजे ब्लूज. मोजके सूर, बारा मात्राखंडांचा साधा साचा, एकच ओळ पुन्हा पुन्हा आळवण्याची पद्धत. आणि गिटारची तार बोटानं ओढून स्वर मुद्दाम जरासा कलता ठेवायचा. सतारीवरची मींड ज्यांच्या कानात आहे, त्यांना ही जादू समजावून सांगायला नको.

पुरानंतर दोन वर्षांनी, जून १९२९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एका जोडप्यानं हे गाणं रेकॉर्ड केलं. कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी. मिनीचं खरं नाव लिझी डग्लस. तेराव्या वर्षी घरातून पळून ती मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर गिटार वाजवू लागली होती. ज्या काळात बाईनं गिटार हाती धरणंच नवलाचं, त्या काळात ती पुरुषांशी वाजवण्याच्या पैजा लावायची. या रेकॉर्डवर मुख्य गिटार तिची आहे आणि आवाज जोचा. तो गातो अगदी निवांतपणे. आक्रोश नाही की हुंदका नाही. हे असं व्हायचंच, हे जणू आधीपासून ठाऊक असलेला माणूस जसा बोलेल तसा.

प्लांटच्या संग्रहात ही जुनी रेकॉर्ड होती. १९७०-७१च्या हिवाळ्यात बँडनं हॅम्पशायरमधल्या 'हेडली ग्रेंज' या जुनाट इमारतीत मुक्काम ठोकला. मूळची ही १७९५ साली बांधलेली अनाथ-गरिबांची पोटघर. ती थंड आणि ओल धरलेली होती, पण तिच्या दिवाणखान्यात आवाज घुमायचा छान! बॉनमचा नवा ड्रमसेट जिन्याखालच्या त्या मोकळ्या दालनात मांडला गेला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं नेहमीसारखे ढोलाला चिकटून माईक लावले नाहीत. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून फक्त दोन माईक खाली सोडले. ठोका पडायचा, जिन्याच्या पोकळीत चढायचा आणि भिंतींवर आदळून परत यायचा. वर टेपचा वेग थोडा उतरवला, तेव्हा सगळंच जड आणि दाट झालं.

परिणाम ऐकण्यासारखा आहे. जो मॅकॉय पुराची गोष्ट सांगतो. बॉनमच्या ढोलात मात्र पाणीच चाल करून येतं, अंगणात, ओसरीवर, उंबऱ्याशी. प्लांटचा माउथ ऑर्गन लांबवर हंबरत राहतो. पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉईजनं आणि त्यानंतर कितीजणांनी या ढोलाचे ठोके उचलून आपापल्या गाण्यांखाली घातले.

उचलण्याचा विषय निघालाच आहे, तर लेड झेपलिनचा हात या बाबतीत स्वच्छ नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांच्या दुसऱ्या अल्बममधल्या 'होल लॉटा लव्ह'वरून थोर ब्लूज गीतकार विली डिक्सन यांना १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि गाण्यावर त्यांचं नाव आलं. त्या मानानं पुराच्या गाण्याला चौथ्या अल्बममध्ये थोडा न्याय मिळाला. चौघांच्या नावांपुढे मेम्फिस मिनीचंही नाव छापलं गेलं. पण ज्याच्या तोंडून हे शब्द जगानं पहिल्यांदा ऐकले, तो जो मॅकॉय वगळलाच गेला. तो १९५० मध्येच वारला होता. मिनी तेव्हा मेम्फिसच्या एका शुश्रूषागृहात पक्षाघातानं जखडून पडली होती. ६ ऑगस्ट १९७३ रोजी ती गेली. तिच्या कबरीवर नाव कोरलेला दगड बसला तो १९९६ मध्ये. त्याचा खर्च केला गायिका-गिटारवादक बॉनी रेट हिनं.

या अल्बमचा एक धागा मुंबईशीही जुळला आहे. यातल्या 'फोर स्टिक्स' या गाण्याचं नाव पडलं, ते बॉनमनं प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवल्यामुळे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले असता त्यांनी हेच गाणं आणि 'फ्रेंड्स' इथल्या भारतीय वादकांबरोबर पुन्हा रेकॉर्ड केलं. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबात तर ते अचानक वाजवायलाही बसले. स्टुडिओतलं ते ध्वनिमुद्रण त्रेचाळीस वर्षं कपाटात पडून होतं. २०१५ मध्ये 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत ते बाहेर आलं. तबला आणि तंतुवाद्यांच्या संगतीत त्या आडमुठ्या तालाची वळणं एकदम मोकळी वाटतात. रेकॉर्डवर या वादकांची ओळख आहे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.

आणि कव्हरवरचा तो म्हातारा? प्लांटला ती तसबीर रेडिंग गावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली होती. तो कोण, हे पन्नास वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका संशोधकाला व्हिक्टोरियाकालीन छायाचित्रांच्या वहीत मूळ फोटो सापडला. अर्नेस्ट फार्मर या छायाचित्रकारानं तो १८९२ साली काढला होता. म्हाताऱ्याचं नाव लॉट लाँग, जन्म १८२३, राहणार मियर, परगणा विल्टशायर. तो गवती छपरं शाकारायचा. पाठीवरची मोळी चुलीसाठी नव्हती. छपराचं गवत जागच्या जागी दाबून धरायच्या त्या काटक्या होत्या.