विश्लेषण : १५४ जीबीचा गेम २३ जीबीवर आला, तो कसा?

'हेलडायव्हर्स २' हा गेम पीसीवर खेळायचा तर सुमारे १५४ जीबी जागा रिकामी ठेवावी लागत होती. डिसेंबर २०२५ मध्ये स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओने त्याची नवी, सडपातळ आवृत्ती आणली. तिचा आकार आहे साधारण २३ जीबी, म्हणजे जवळपास ८५ टक्के घट. खेळ मात्र तोच राहिला. मग उरलेले १३० जीबी होते तरी काय?

उत्तर सरळ आहे : त्याच त्या फाइल्सच्या प्रती.

एकच फाइल पुन्हा पुन्हा का ठेवायची?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि माहिती वाचणारं टोक तिच्यावर इकडून तिकडे सरकतं. एका प्रसंगासाठी लागणारी झाडं, भिंती, आवाज डिस्कवर विखुरलेले असतील, तर वाचण्यापेक्षा सरकण्यातच जास्त वेळ जातो. त्यावर गेम बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे प्रत्येक प्रसंगाच्या गठ्ठ्यात लागणारी प्रत्येक वस्तू नव्याने ठेवायची. प्लेस्टेशन ५ ची रचना मार्च २०२० मध्ये समजावून सांगताना सोनीचे मार्क सर्नी यांनी 'स्पायडर-मॅन'चं उदाहरण दिलं होतं. त्या गेममध्ये काही डेटा तब्बल ४०० वेळा साठवलेला होता.

एसएसडीत सरकणारं काहीच नसतं, त्यामुळे तिथे या प्रतींचा फारसा उपयोग नाही. ॲरोहेडच्या अंदाजानुसार त्यांच्या पीसी खेळाडूंपैकी सुमारे ११ टक्केच अजून हार्ड डिस्क वापरतात. म्हणजे ११ जणांच्या सोयीसाठी उरलेले ८९ जण जागा अडवून बसले होते. आणि ती सोयही मुख्यतः कागदावरच निघाली. चाचणीत दिसलं की लोडिंगचा बराचसा वेळ नकाशा तयार करण्यात जातो, फाइल वाचण्यात नाही. प्रती काढल्यावर हार्ड डिस्कवाल्यांना फार तर काही सेकंद जास्त थांबावं लागतं. हे मोजून पाहायला इतका उशीर व्हायला नको होता.

मधला माणूस कोण?

इथे येते 'व्हर्च्युअल फाइल सिस्टीम'. जुन्या वाचनालयात आपण खिडकीवर पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी द्यायचो. पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे आत बसलेल्या माणसाला माहीत. उद्या कपाटं हलवली तरी आपली चिठ्ठी तीच. गेममध्येही तसंच. कोड फक्त 'भिंतीचं चित्र दे' असं नावाने मागतो. ते चित्र सुट्या फाइलमध्ये आहे, दाबून बसवलेल्या गठ्ठ्यात आहे की कालच्या अपडेटमध्ये, हे इंजिनमधला हा थर शोधतो. नाव आणि जागा अशी वेगळी ठेवली, तर सगळ्या फाइल्सची मांडणी बदलूनही खेळाच्या कोडला सहसा हात लावावा लागत नाही.

कल्पना जुनीच आहे. १९९३ च्या 'डूम'मध्ये आयडी सॉफ्टवेअरने चित्रं, आवाज, नकाशे एका 'वॅड' फाइलमध्ये ठेवले. त्यावर दुसरी वॅड चढवली की त्याच नावाची नवी वस्तू जुनीवर मात करते आणि मूळ फाइलला धक्काही लागत नाही. खेळाडूंनी स्वतः नकाशे बनवून वाटण्याची परंपरा यातूनच फोफावली. १९९६ च्या 'क्वेक'मध्ये 'पॅक' फाइल्स आल्या, तर १९९९ च्या 'क्वेक ३'मधल्या 'पीके३' म्हणजे नाव बदललेल्या साध्या झिप फाइल्स होत्या. 'नंतर चढवलेलं आधी शोधायचं' हा नियम आजही अनेक इंजिनांत चालतो. गेमचे पॅच आणि जादाचे भाग त्यावरच बसतात.

लवचीकपणाला किंमतही आहे. सगळं एकाच अवाढव्य गठ्ठ्यात कोंबलं, तर छोट्या दुरुस्तीसाठीही तो अख्खा गठ्ठा डिस्कवर नव्याने रचावा लागू शकतो. अपडेट लहान असूनही भरपूर मोकळी जागा मागितली जाते, ती अनेकदा यामुळेच. उलट लाखो सुट्या फाइल्स ठेवल्या तर प्रत्येक फाइल उघडण्याचा वेळ साचत जातो. 'हेलडायव्हर्स २'समोर आणखी एक पेच होता : तो ऑटोडेस्कच्या स्टिंगरे इंजिनवर बनलेला आहे आणि ऑटोडेस्कने त्याची विक्री २०१८ मध्येच थांबवली. इंजिनची डागडुजी आता स्टुडिओच्याच अंगावर आहे.

आपल्याकडे काय फरक पडतो?

रोजच्या २ जीबी मोबाइल डेटावर १५४ जीबी उतरवायला ७७ दिवस लागतील, २३ जीबीला १२. त्यात ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि कॉलेजचं काम बसवून एवढा मोठा गेम ठेवायचा, म्हणजे दुसरं काहीतरी काढावंच लागतं. अशा वेळी अनेकजण तो गेमच काढून टाकतात. ॲरोहेडने सडपातळ आवृत्ती आधी स्टीमवर ऐच्छिक बीटा म्हणून दिली, जेणेकरून काही बिघडलं तर खेळाडूला जुन्या आवृत्तीवर परतता यावं.