शिल्लक पाणी नेमके कोणाच्या हिश्श्याचे?

भामा आसखेड धरणाचे पाणी पुणे शहरात आणणाऱ्या योजनेचे उद्घाटन १ जानेवारी २०२१ रोजी झाले. ही तारीख आंबेडकरी माणसाने विसरावी अशी नाही. दरवर्षी याच दिवशी नगर रस्त्याने लाखो भीमसैनिक कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. त्या वर्षी कोरोनामुळे निर्बंध होते, म्हणून रस्ता मोकळा होता. भामा नदी पुढे भीमेला मिळते आणि तीच भीमा विजयस्तंभाजवळून वाहते. उद्घाटनाला सत्तेतले आणि विरोधातले पुढारी एकाच व्यासपीठावर बसले. योजनेचे श्रेय कोणाचे, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पाणी कोणाचे, हा प्रश्न तेवढा मागे पडला.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे चळवळीतले काही मित्र म्हणतात. संबंध आहे, आणि तो दोन्ही टोकांना आहे. कसा, ते पाहू.

खेड तालुक्यातले हे धरण बांधले गेले ते शेतीसाठी. खेड, शिरूर, हवेली, दौंड या तालुक्यांतील जमीन भिजेल असे सांगून गावे उठवली गेली. धरणाची क्षमता सुमारे आठ टीएमसी. धरणात पाणी साठले, परंतु कालव्यांची कामे पूर्ण झालीच नाहीत. कालवा नाही म्हणजे भिजणारे क्षेत्र नाही. क्षेत्र नाही म्हणजे पाण्याला मागणी नाही. मागणी नाही म्हणजे कागदावर पाणी ‘शिल्लक’. मग हे शिल्लक पाणी शहराला द्यायला हरकत कोणाची? पुणे महापालिकेला २.६ टीएमसी मंजूर झाले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या हिशेबाने पुण्याच्या वाट्याला दिवसाला वीस कोटी लिटर आले. पिंपरी-चिंचवडसाठी याच धरणातून दिवसाला १६.७ कोटी लिटरचे आरक्षण आहे. वर्षाचा हिशेब केला तर दोन्ही शहरे मिळून धरणाच्या निम्म्याहून अधिक पाण्यावर हक्क सांगतात.

पाणी शिल्लक राहते ते पावसामुळे, असा सर्वसामान्य माणसाचा समज असतो. आपल्या राज्यात ते फाइलमुळे राहते. कालव्याचा निधी थांबवा, दहा-पंधरा वर्षे जाऊ द्या, मग ‘वापराविना पडून असलेले पाणी’ असा शेरा मारा. यात कोणी चोरी केली असे म्हणता येत नाही. सगळे नियमात बसते.

नियम कसे बसवले गेले तेही वाचकांनी समजून घ्यावे. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्यानंतर उद्योगाला आणि उद्योगानंतर शेतीला स्थान दिले होते. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याचे वाटप आता मंत्र्यांच्या मर्जीने होणार नाही, अर्धन्यायिक प्राधिकरणासमोर होईल, असा डांगोरा पिटला गेला. प्रत्यक्षात मंत्र्यांची उच्चाधिकार समिती सिंचनाचे पाणी शहरांना आणि कारखान्यांना वाटतच राहिली. प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा २०११ साली सरकारने कायदाच दुरुस्त केला. समितीने केलेली जुनी वाटपे वैध ठरवली आणि कोणत्या क्षेत्राला किती पाणी हे ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे नेला. त्याच वर्षी जलनीतीत शेतीला उद्योगाच्या वर आणले, असे सांगून शेतकऱ्यांची समजूत काढली गेली. क्रम बदलला, पण क्रम ठरवणाऱ्यासमोर उभे राहून बोलण्याची जागा गेली. वकील म्हणून मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा गंभीर वाटते. सुनावणी असेल तर गरीब माणूस निदान अर्ज तरी करतो. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला कोण बोलावणार?

त्याच २०११ च्या ९ ऑगस्टला मावळात पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. एका महिलेसह तीन शेतकरी मारले गेले. भामा आसखेडच्या धरणग्रस्तांनीही पुनर्वसनासाठी जलवाहिनीचे काम अनेकदा बंद पाडले आणि पोलीस बंदोबस्तात ते पुन्हा सुरू करावे लागले. धरणाला वीस वर्षे उलटली तरी जमिनीच्या बदल्यात जमीन हा त्यांचा प्रश्न तसाच होता. शहराने पाणी घेतले त्याचे पैसे जातात जलसंपदा खात्याला. पाणीपट्टी ठोक दराने आकारली जाते. त्याखेरीज ‘सिंचन पुनर्स्थापना खर्च’ नावाची एक रक्कम असते. शहराला पाणी दिल्यामुळे जे क्षेत्र कोरडे राहिले त्याच्या बदल्यात दुसरीकडे सिंचन उभे करण्यासाठी ती घ्यायची. या रकमेवरून महापालिका आणि खाते यांची घासाघीस चालू राहिली. ज्याचे शेत कोरडे राहिले तो या व्यवहारात पक्षकारच नाही. विकणारा सरकार, घेणारे सरकारचेच अपत्य.

इथपर्यंतची गोष्ट शेतकरी संघटनाही सांगतात. त्यापुढची ते सांगत नाहीत. कालवा झाला असता तर पाणी कोणाला मिळाले असते? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. आपल्या राज्यात कालव्याचे पाणी जमिनीच्या मागे जाते, माणसाच्या मागे जात नाही. ज्या समाजाला महारवतनाच्या तुकड्यापलीकडे जमीनच नव्हती, त्याचा हिस्सा धरण बांधतानाच शून्य धरलेला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यातून अनेकांनी गायरान कसायला घेतले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला, तरी हजारो कुटुंबांच्या हाती आजही सातबारा नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धरणात उठलेल्या कुटुंबाचे कागद आले होते. आजोबांनी पडीक गायरान फोडून चाळीस वर्षे कसले. दंडाच्या पावत्या होत्या, पीकपाहणीत एक-दोनदा नाव होते. धरणाचे पाणी आले तेव्हा जमीन सरकारची म्हणून भरपाई नाही, आणि खातेदार नाही म्हणून पर्यायी जमीन नाही. नव्या गावठाणात घरापुरती जागा मिळाली, तीही गावाच्या कडेला. नवे गाव वसवतानाही जुनी दिशा कोणी चुकली नाही. आजोबांचा नातू आज शहरात बिगारी काम करतो.

म्हणजे पाणी ज्या वाटेने गेले त्याच वाटेने आपला माणूसही शहरात गेला. पाणी जलवाहिनीने गेले, तो एसटीने. आता शहरात त्याला ते पाणी मिळते का?

भामा आसखेडचे पाणी पुण्याच्या पूर्व भागासाठी आहे. येरवडा, विश्रांतवाडी, कळस, धानोरी, वडगाव शेरी, खराडी. या पट्ट्यात आपल्या वस्त्या आहेत आणि माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारतीही आहेत. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष. खेड्यातल्या माणसाला पूर्वी चाळीस लिटर धरत, २०१९ च्या जलजीवन मिशनपासून पंचावन्न. तहान शहरात वाढते असे सरकारी शास्त्र आहे काय, कोण जाणे! पण शहराचा हा १३५ चा आकडाही सरासरीचा आहे. सरासरीत सोसायटीची टाकी आणि वस्तीतला सामाईक नळ एकाच बेरजेत बसतात. नळाला पाणी कधी येते आणि किती वेळ टिकते हे वस्तीतल्या आयाबहिणींना विचारावे. टँकर कोणाच्या दारात किती वाजता उभा राहतो तेही विचारावे.

दुसरे उदाहरण घ्या. खडकवासल्याचा उजवा मुठा कालवा पुणे शहराच्या पोटातून पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी हा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाची वस्ती पाण्यात गेली. संसार वाहून गेले. उंदीर-घुशींनी भराव पोखरला असे तत्कालीन जलसंपदा मंत्र्यांनी सांगितले. ज्या घरांना त्या कालव्यातले पाणी हक्काने कधी मिळाले नाही, त्या घरांत ते एका सकाळी न मागता शिरले.

मी शहराला पाणी देऊ नका असे म्हणणाऱ्यांपैकी नाही. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले. शहराने आपल्याला शाळा दिली, कारखाना दिला, संघटना दिली. पिण्याचे पाणी सर्वांत आधी, हे तत्त्व योग्यच आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदीच्या योजनांना दिशा दिली. पाणी फार झाले हे संकट मानू नका, ते साठवून वापरायची संपत्ती आहे, हा त्यांचा १९४५ च्या कटकच्या परिषदेतला विचार होता. त्यामुळे धरणांना सरसकट विरोध करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहू शकत नाही. आपला प्रश्न वाटपाचा आहे.

चवदार तळ्याचा लढा आपण २० मार्चला साजरा करतो, पण त्याचा न्यायालयीन भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची अनादी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. ही वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. तळे नगरपालिकेचे होते. पुढे घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी आणि तलाव यांच्या वापरात जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही, असे लिहिले गेले. आजचे धरण पूर्णतः राज्याच्या पैशाचे आहे. तिथे जातीची पाटी नाही, सातबाऱ्याची आहे. परिणाम बहुतांशी तोच होतो आणि तो तपासायला कोणी न्यायालयात जात नाही, कारण ही पाटी धर्मनिरपेक्ष दिसते.

हे बदलता येते. पुरंदर तालुक्यातील नायगावच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकातच माणशी अर्धा एकराप्रमाणे पाणी वाटले आणि भूमिहीनालाही वाटा दिला. विलासराव साळुंखे काही आंबेडकरी चळवळीतले नव्हते, पण हे सूत्र आपण उचलायला हवे होते. सरकार जेव्हा धरणातले पाणी शिल्लक म्हणून विकते, तेव्हा त्या विक्रीच्या पैशात लाभक्षेत्रातील भूमिहीनाचा वाटा मागायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. पुनर्वसन पूर्ण झाल्याशिवाय पंप सुरू करू नका, ही धरणग्रस्तांची मागणी आपलीही असली पाहिजे. आणि शहरात, १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचे पिण्याचे पाणी तोडता येत नाही असा निकाल दिला आहे. तो मुंबईच्या २००० नंतरच्या झोपड्यांच्या प्रकरणातला, पण त्याचा आधार घटनेचा २१ वा अनुच्छेद आहे आणि तो पुण्यालाही लागू आहे. पुण्यातल्या किती वस्त्यांनी तो निकाल जोडून महापालिकेला अर्ज दिला?

कार्यकर्त्यांनी सुरुवात कागदांपासून करावी. महापालिका आणि जलसंपदा खाते यांच्यातील पाणी कराराची प्रत मागावी. भामा आसखेडच्या बाधित कुटुंबांची यादी मागावी आणि तीत भूमिहीन किती, अनुसूचित जातींचे किती, हे वेगळे विचारावे. पूर्व भागातील प्रत्येक वस्तीला दररोज किती पाणी सोडले जाते त्याची नोंद मागावी. खात्याचे सिंचन भवन पुण्यात मंगळवार पेठेत आहे, आपल्या वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.