तारे कुणासाठी?
गाडी घेताना आपण मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन यांची परीक्षणे आवडीने वाचतो. मुलांच्या सुरक्षेची ओळ मात्र नजरेतून सुटते. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीनच. २०२४ मध्ये दोन्हींत पाच मिळाले. म्हणून आम्ही सांगतो, दोन्ही आकडे वेगवेगळे वाचा. चाइल्ड सीट पक्की बसवायचे आयसोफिक्स हुक शोरूममध्ये स्वतः पाहा. ही चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाची असते. त्या धडकेत अम्मीच्या मांडीवरचे बाळ हातांत राहत नाही. ईदला गावी निघताना बाळाला त्याच्या सीटवर बसवा आणि मागच्यांनीही पट्टे लावा. त्याशिवाय ते तारे कागदावरच राहतात.